स्वतःचंच शॉर्टहँड नंतर वाचता येत नाही? आधी अडतंय कुठे ते शोधा

लिहिताना काही अडत नाही. हात चालत राहतो, एकामागून एक आउटलाइन, म्हणजे शब्दांच्या खुणा, पडत जातात, पान भरतं. लगेच वाचून पाहिलं तर सगळं लागतंही. आठवड्याने तीच वही उघडावी, तर तिसऱ्याच ओळीत गाडी अडते. हा शब्द 'केला' की 'काल'? ही रेघ 'त' की 'द'? आणि या दोन रेघांना जोडून जे काही लिहिलंय, ते एक अक्षर तरी ओळखू येतंय का?

हौसेने शॉर्टहँड शिकणाऱ्यांची ही सगळ्यात नेहमीची अडचण. एकदा सुटली म्हणून कायमची सुटत नाही. वेग थोडा वाढला, नवा धडा झाला, पेन बदललं, की ती पुन्हा हजर होते. बरेच जण इथेच शॉर्टहँड सोडून देतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण अडचण बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असते आणि दोन-तीन आठवड्यांत आवाक्यात येते. फक्त ते ठिकाण आधी सापडलं पाहिजे.

अशा वेळी दोन उपाय चटकन सुचतात. एक म्हणजे 'अक्षर सुधारायला हवं', दुसरा म्हणजे 'ही पद्धतच मला जमत नाही, दुसरी शिकतो'. पिटमन, ग्रेग आणि टीलाइन या शॉर्टहँडच्या पद्धती आहेत. पिटमनवाला ग्रेगकडे जातो, ग्रेगवाला टीलाइनकडे. दुसरा उपाय तर मी कुणालाच सुचवणार नाही. प्रत्येक पद्धत कुठेतरी माहिती वाचवते आणि त्याच जागी वाचताना अडचण येते. पद्धत बदलली की अडचणीची जागा बदलते, एवढंच. शिवाय दोन पद्धतींचे आकार डोक्यात एकमेकांत मिसळतात आणि मग जुन्या वह्याही वाचता येईनाशा होतात.

लगेच वाचून पाहणं ही तपासणी नव्हे

लिहून झाल्यावर पाच मिनिटांत वाचलेलं पान तुम्ही खरं तर वाचत नसता. मजकूर डोक्यात ताजा असतो, कागदावरच्या खुणा फक्त त्याची आठवण करून देतात. चुकीची आउटलाइनसुद्धा त्या वेळी बरोबर वाचली जाते. म्हणून 'मला वाचता येतं' हा विश्वास तयार होतो आणि आठवड्याने तो मोडतो. पाठ असलेली कविता किंवा रोजची प्रार्थना लिहून वाचली तरी हेच होतं. लिहिण्याच्या सरावाला असा मजकूर छान, वाचनाच्या परीक्षेला काही उपयोगाचा नाही.

तपासणीसाठी निदान आठवडाभर जुनी तीन पानं घ्या. मजकूर असा हवा की त्यात काय होतं ते आता आठवत नाही. पेन्सिल हातात ठेवून मोठ्याने वाचायला लागा. जिथे अडाल तिथे आउटलाइनखाली टिंब द्या आणि मनात पाच म्हणेपर्यंत लागलं नाही तर पुढे चला. थांबून डोकं खाजवायचं नाही, ते नंतर. पानं संपली की टिंबांकडे परत या, मूळ मजकूर जवळ असेल तर तो पाहा, आणि प्रत्येक टिंबाशेजारी अडण्याचं कारण एका अक्षरात लिहा:

आ: आकार चुकला. रेघ बारीक हवी होती ती जाड पडली, अर्धी हवी होती ती पूर्ण झाली, वाकडी हवी होती ती सरळ आली.
स्व: आकार बरोबर आहे, पण स्वर नसल्यामुळे चार शब्द होऊ शकतात.
नि: आउटलाइन नियमाप्रमाणे नाही. त्या क्षणी सुचलं तसं काहीतरी लिहिलंय.
जो: दोन-तीन शब्द नको तिथे जोडले आहेत.
ग: शब्दच गाळला गेलाय.

मूळ मजकूर हाताशी नसेल तर सगळी टिंबं लागणार नाहीत. जेवढी लागतील तेवढी पुरतात. बहुतेकांच्या पानांवर एखादंच अक्षर वरचढ दिसतं. पुढचे दोन आठवडे फक्त त्याच्यावर काम करा. पाचही एकदम दुरुस्त करायला गेलं की हात अवघडतो आणि वेगही जातो, शुद्धताही जाते.

'आ' जास्त असतील तर

शॉर्टहँडची कुठलीही पद्धत मोजक्या आकारांवर चालते, म्हणून एकाच आकारातून दोन-दोन अक्षरं काढावी लागतात. आयझॅक पिटमनने 1837 मध्ये मांडलेल्या पद्धतीत हा फरक जाडीवर आहे: प बारीक, ब तीच रेघ जाड, त बारीक, द जाड, क बारीक, ग जाड. जॉन रॉबर्ट ग्रेगने 1888 मध्ये आणलेल्या पद्धतीत जाडीचा संबंधच नाही, तिथे लांबी बोलते. आर आणि एल एकच वळण, आर आखूड, एल लांब. एन आणि एम एकच आडवी रेघ, एन आखूड, एम लांब. टीलाइनमध्ये टी आणि डी दोन्ही छोट्या आडव्या रेघा, फक्त टी वर तरंगतो आणि डी ओळीवर बसतो. तुमची पद्धत फरक कशातून दाखवते ते नीट समजून घ्या, कारण घाईत सगळ्यात आधी तोच फरक पुसला जातो.

ग्रेग लिहिणाऱ्यांची पानं पाहिली तर खरा घोटाळा मधल्या लांबीच्या रेघेमुळे होतो. आखूड रेघ थोडी वाढते, लांब रेघ थोडी घटते आणि दोन्ही एकाच मापाच्या होतात. लांब रेघ अजून लांब करणं हा यावरचा उपाय नाही, त्याने लिखाण पसरतं आणि हात जास्त फिरतो. आखूड रेघ खरोखर आखूड करा, अगदी टिंबाच्या जवळ वाटेल इतकी. लांब रेघ आहे तशी राहू द्या. एवढ्यानेच पान उघडं होतं. वर्तुळांचंही तसंच. छोटं वर्तुळ ए-ईचं, मोठं आ-अॅचं. छोटं अगदी इवलंसं काढायची सवय लागली की मोठ्याची काळजी करावी लागत नाही.

पिटमनमध्ये जाडीबरोबर आणखी एक गोष्ट हळूच बिघडते, ती म्हणजे वक्र रेघा. एफची रेघ पीच्याच दिशेने जाते, फक्त वाकलेली. थची रेघ टीच्या दिशेने, एम आणि एनच्या केच्या दिशेने. वेग वाढला की वळण चपटं होतं आणि एफचा पी, थचा टी, एमचा के होऊन बसतो. लिहिणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण त्याच्या हाताने वळण घेतलेलं असतं. कागदावर ते उतरलेलं नसतं. ग्रेगमध्ये के-जी आणि आर-एलची वळणं चपटी झाली की एन-एमसारखी दिसायला लागतात. वक्र रेघ गरजेपेक्षा जास्त वाकवून लिहिण्याचा आठवडाभर सराव करा. पान थोडं नाटकी दिसेल, दिसू द्या. वेगात ते आपोआप निम्म्यावर येतं आणि तेवढं पुरतं.

वर्तुळ आणि लूप यांचा वेगळा सराव लागतो. पिटमनमध्ये एकाच पीच्या शेवटी छोटं वर्तुळ आलं की 'पोझ', मोठं आलं की 'पोझेस', छोटा लूप आला की 'पोस्ट' आणि मोठा लूप आला की 'पोस्टर'. हे चार शब्द ओळीने पाच-सहा वेळा लिहा, वही उलटी धरून दुसऱ्या दिवशी पाहा. चारही वेगळे ओळखू येत नसतील तर लूप पुरेसा चपटा नाही, असं समजा. लूप सपाट आणि निमुळता असला पाहिजे, नाहीतर तो वर्तुळच दिसतो.

एकच रेघ असलेल्या शब्दांकडे विशेष लक्ष द्या. चार रेघांच्या आउटलाइनमध्ये अर्धी रेघ शेजारच्या पूर्ण रेघेमुळे ओळखता येते. एकट्या रेघेला शेजारी नसतो, मग ती अर्धी की पूर्ण हे ठरवायचं कशावरून? छापील ओळींवरून. म्हणून हौशी लेखकानेही ओळी आखलेली वहीच वापरावी आणि आपल्या पूर्ण रेघेची उंची ओळींच्या अंतराशी पक्की जुळवून ठेवावी, म्हणजे अर्ध्याएवढी किंवा एकतृतीयांश, जे हाताला बसेल ते. वेगात अक्षर मोठं होत जातं ही सर्वांचीच सवय. पानाच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीतली तीच आउटलाइन शेजारी ठेवून पाहिली की किती फुगलंय ते कळतं.

साहित्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पिटमन लिहीत असाल तर बॉलपेन टाळा, त्यातून जाड-बारीक उतरत नाही. मऊ पेन्सिल किंवा थोडी लवचीक निब असलेलं शाईपेन घ्या. ग्रेग आणि टीलाइनला कुठलंही सरकतं पेन चालतं.

'स्व' जास्त असतील तर

शॉर्टहँड शिकवणारी बहुतेक पुस्तकं इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली आहेत आणि इंग्रजीत मधले स्वर गाळले तरी बरंचसं काम भागतं. मराठी लिहिताना हा सल्ला जसाच्या तसा पाळला की पान वाचता येत नाही, कारण मराठीत शब्दाचं व्याकरण शेवटच्या स्वरात असतं. गेला, गेली, गेले, गेलो, गेलं: व्यंजनं पाहिली तर सगळीकडे ग आणि ल. 'ती काल आली आणि लगेच गेली' या वाक्यातले स्वर काढून टाका. उरतं ते 'तो काल आला आणि लगेच गेला', 'ते काल आले आणि लगेच गेले' असंही वाचता येतं. बाई की बुवा, एक की अनेक, काहीच कळत नाही. डायरीत तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंय की दुसऱ्याबद्दल हेसुद्धा 'गेलो' आणि 'गेला' यांच्यातल्या एका स्वरावर ठरतं.

शब्दाच्या सुरुवातीचा स्वर तर त्याहून धोक्याचा. शक्य-अशक्य, मान्य-अमान्य, योग्य-अयोग्य, पूर्ण-अपूर्ण. सुरुवातीचा अ गाळला की अर्थ उलटा होतो आणि वाक्य तरीही सुरळीत वाचलं जातं, त्यामुळे अडायलाही होत नाही. अडखळलेला शब्द निदान टिंबाने सापडतो. असा उलटा वाचलेला शब्द सापडतच नाही. पिटमनने इंग्रजीतल्या नकारार्थी शब्दांसाठी हा धोका ओळखून सोय केली आहे: 'लीगल'मध्ये एल एकदा येतो, 'इल्लीगल'मध्ये तो दोनदा लिहितात, म्हणजे स्वर दिला नाही तरी दोन आउटलाइन वेगळ्या राहतात. मराठीसाठी मी एकच सांगेन, सुरुवातीचा अ कितीही घाई असली तरी द्यायचाच.

मधल्या स्वरांबाबत सैल राहायला हरकत नाही, पण काही जोड्या सांभाळाव्या लागतात. 'पडला' आणि 'पाडला', 'मरतो' आणि 'मारतो', 'चरायला' आणि 'चारायला'. क्रिया आपोआप झाली की कुणी केली, हे मराठीत कित्येकदा मधल्या अ आणि आ यांच्या फरकावर उभं असतं. वाक्यात 'त्याने' असेल तर 'पाडला' कळतं. पण घाईत 'त्याने'चाही 'तो' झाला असेल तर संपलंच. वहीच्या शेवटच्या पानावर अशा फसव्या जोड्यांची यादी ठेवा आणि वाचताना जी जोडी प्रत्यक्ष फसवेल तीच त्यात घाला. पुस्तकातून उतरवलेली लांबलचक यादी कुणी वाचत नाही.

एवढे स्वर द्यायचे तर वेग कमी होईल, ही शंका रास्त आहे. थोडा होईल. पण साध्या लिखाणाचा वेग मिनिटाला 25-30 शब्दांच्या आसपास असतो आणि हौसेचं शॉर्टहँड 50-60 वर गेलं तरी दुप्पट झालं. शंभराच्या पुढे बोलणाऱ्या माणसाचा शब्दन् शब्द टिपायचा असेल तर स्वर टाकायला सवड नसते. डायरी, टिपणं, वाचलेल्या पुस्तकातले उतारे लिहिताना ती असते. वेगाचा मोह इथे सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं.

पिटमनवाल्यांसाठी एक गोष्ट आणखी. आउटलाइन ओळीच्या वर, ओळीवर की ओळीतून लिहायची, हे पहिल्या स्वरावरून ठरतं. 'टॅप' ओळीच्या वर, 'टेप' ओळीवर, 'टिप' ओळीतून. म्हणजे स्वरासाठीची टिंब-रेघ न देताही स्वराची अर्धी माहिती जागेतून मिळते. स्वतःच्या जुन्या पानावर नुसती नजर टाका: सगळ्या आउटलाइन एका रांगेत ओळीवर बसल्या असतील तर ही फुकट मिळणारी माहिती तुम्ही फेकून देताय. पहिल्या जागेची आउटलाइन आखलेल्या ओळीच्या थोडं वर मुद्दाम लिहायची सवय लावा, बाकीच्या दोन जागा आपोआप सांभाळल्या जातात.

ग्रेगमध्ये स्वर आउटलाइनच्या आतच वर्तुळ आणि हूक होऊन बसतात, म्हणून तिथे 'स्व' कमी आणि 'आ' जास्त येतात. अर्थात गाळायची सवय लागली नसेल तर.

'नि': स्वतः बनवलेल्या आउटलाइन

लिहिता लिहिता एखादा शब्द येतो, त्याची आउटलाइन आठवत नाही, हात मात्र थांबवायचा नसतो. मग काहीतरी सोय केली जाते. त्या वेळी ती इतकी उघड वाटते की कुठे नोंदही होत नाही. दोन महिन्यांनी तीच खूण आपल्याला परकी असते.

याची दोन फार चांगली उदाहरणं इतिहासात आहेत. इंग्रज डायरीलेखक सॅम्युएल पेपीसने 1660 ते 1669 या काळात डायरी लिहिली ती थॉमस शेल्टनच्या छापील शॉर्टहँड पद्धतीत, आणि माणसांची, गावांची नावं बहुतेक साध्या अक्षरांत ठेवून. पुढे जॉन स्मिथने 1819 ते 1822 अशी जवळपास तीन वर्षं खपून ती उलगडली. शेल्टनचं पुस्तक पेपीसच्याच ग्रंथसंग्रहात होतं, ते त्याला माहीत असतं तर हे कष्ट कितीतरी कमी झाले असते. म्हणजे पद्धत पुस्तकातली असली की दीडशे वर्षांनंतरही दुसऱ्या माणसाला वाट सापडते. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स गर्नीची शॉर्टहँड पद्धत शिकला होता, पण तिच्यात त्याने स्वतःच्या खुणांची भर घातली. त्याचं 1859 मधलं एक पत्र शतकाहून जास्त काळ कुणालाच लागलं नाही. जगभरच्या हौशी वाचकांना हाताशी धरून 2022 मध्ये त्याचा बराचसा भाग उलगडला, सगळा नाही.

म्हणून शब्द आठवला नाही तर नवी खूण तयार करू नका. उच्चाराप्रमाणे पूर्ण लिहा, कितीही लांब होऊ दे, आणि भोवती गोल करून पुढे जा. दिवसाच्या शेवटी ते गोल पुस्तकाशी किंवा पद्धतीच्या शब्दकोशाशी ताडून पाहा आणि बरोबर आउटलाइन तिथेच लिहून ठेवा. स्वतःचे संक्षेप अजिबात नकोत असं नाही. घरातल्या माणसांची नावं, रोज लागणारे शब्द यांना खुणा हव्यातच. पण प्रत्येक खूण तयार झाली त्याच दिवशी शेवटच्या पानावर अर्थासह आणि तारखेसह गेली पाहिजे, आणि वही बदलली की यादीही नव्या वहीत उतरली पाहिजे. यादीत नसलेली खूण वापरायची नाही, एवढा एक नियम कडकपणे पाळा.

ग्रामालॉगचा, म्हणजे नेहमीच्या शब्दांसाठी ठरलेल्या छोट्या खुणांचा, प्रश्न थोडा निराळा आहे. ते पुस्तकातलेच असतात, तरी नेमके तेच अडवतात, कारण एका टिकलीत अख्खा शब्द असतो आणि ओळखायला दुसरा आधार नसतो. ते उलट दिशेने पाठ करावे लागतात. खूण पाहून शब्द आला पाहिजे. शब्द पाहून खूण लिहिता येणं वेगळं, आणि सराव बहुतेकांचा त्याच बाजूचा असतो.

'जो' आणि 'ग'

फ्रेज, म्हणजे एकत्र येणारे शब्द, जोडून लिहिण्यात एक गंमत आहे, त्यामुळे ती अति होते. बोलताना जे शब्द एका दमात येतात तेवढेच जोडावेत, तेही जोडल्यावर आउटलाइन ओळ सोडून फार खाली-वर जात नसेल तर. वाचताना दोनदा अडवलेली फ्रेज सरळ तोडून टाका.

'ग' जास्त असतील तर तुम्ही झेपेल त्यापेक्षा वेगात लिहिताय. रेकॉर्डिंग ऐकून सराव करत असाल तर त्याचा वेग पाऊणपट करा. उताऱ्यावरून कुणी वाचून दाखवणार असेल तर मिनिटाला 60 शब्दांसाठी दर 15 शब्दांवर रेघ मारा आणि घड्याळात पाव मिनिटाला एक रेघ येईल असं वाचायला सांगा. शब्द निसटलाच तर त्याची जागा मोकळी सोडायची. मोकळी जागा दिसली की इथे काहीतरी होतं हे कळतं, वाक्य जोडून टाकलं की ते कधीच कळत नाही. नावं आणि आकडे साध्या लिपीत लिहा. पूर्णविराम विसरू नका, पिटमनमधली छोटीशी फुली वाचताना फार मोठा आधार देते.

वाचन वेगळं शिकावं लागतं

वरचं सगळं दुरुस्त केलं तरी वाचनाचा सराव नसेल तर अडचण परत येते. बहुतेकांच्या सरावात लिहिण्याला सगळा वेळ आणि वाचनाला उरलेली दोन मिनिटं मिळतात. 1930 च्या दशकात लुई लेस्लीने ग्रेगसाठी जी शिकवण्याची रीत बसवली तिच्यात सुरुवातीचे बरेच धडे विद्यार्थी फक्त छापील शॉर्टहँड वाचतो, लिहायला नंतर लागतो, आणि अडला तर शेजारी उत्तर असतं. मला ही रीत फार पटते. शेकडो वेळा शुद्ध आउटलाइन डोळ्यांखालून गेली की हात ती तशीच काढायला लागतो, आणि स्वतःच्या पानावरची बिघडलेली आउटलाइन लगेच खटकते.

अर्धा तास सराव करत असाल तर दहा-पंधरा मिनिटं वाचनाला द्या. आधी पुस्तकातलं छापील पान मोठ्याने, अडेल तिथे लगेच उत्तर पाहून. मग स्वतःचं मागच्या आठवड्यातलं एक पान. लिहिताना एकाआड एक ओळ मोकळी ठेवली असेल, किंवा मधोमध उभी रेघ असलेल्या स्टेनो पॅडमध्ये डाव्या अर्ध्यातच लिहिलं असेल, तर दुरुस्तीला जागा मिळते. चुकलेल्या आउटलाइनशेजारी बरोबर आउटलाइन रंगीत पेनने लिहा. साध्या अक्षरांत अर्थ मात्र वर लिहू नका, कारण पुढच्या वेळी डोळा तिकडेच जातो आणि शॉर्टहँड वाचलंच जात नाही. अर्थ लिहायचाच तर वेगळ्या कागदावर.

आणि वहीत असं काही लिहा की जे पुन्हा वाचावंसं वाटेल. दिवसभरातलं कुणाचं बोलणं, झाडाला आलेला पहिला मोहर, वाचताना थांबवलेलं एखादं वाक्य. सरावाचे छापील उतारे आठवड्याने कुणाला वाचावेसे वाटत नाहीत. आपल्या दिवसाची गोष्ट वाचावीशी वाटते आणि ती अडखळत का होईना उलगडत गेली की होणारा आनंद फार मोठा असतो. माझ्या मते या छंदाची खरी मजा तिथेच आहे, लिहिण्याइतकीच.

आधीच भरलेल्या वह्यांचं काय?

त्या टाकू नका. पूर्ण वाक्य एका दमात मोठ्याने वाचा, न लागलेल्या शब्दाच्या जागी 'हं' म्हणून पुढे जा. कित्येकदा वाक्य संपेपर्यंत शब्द आपोआप येतो. नाही आला तर आउटलाइनमधली व्यंजनं ओळीने साध्या लिपीत लिहून काढा आणि जिथे जाडीची किंवा लांबीची शंका आहे तिथे दोन्ही पर्याय लिहा. समजा क-क-त असं दिसतंय. पिटमनच्या चालीने प्रत्येक व्यंजनाची जाड-बारीक जोडी धरली तर कगत, गकत, ककद, कगद, गगद असे पर्याय निघतात. त्यात स्वर भरत गेलं की 'कागद' उभा राहतो, बाकी रांगांतून नेहमीचा शब्द निघत नाही. आणि मागे 'जुना' की 'जुने' असं काही असेल तर एक कागद की अनेक, तेही ठरतं.

हे करूनही लागलं नाही तर त्याच महिन्यातली पुढची पानं चाळा. तीच आउटलाइन दुसऱ्या, सोप्या वाक्यात भेटते आणि तिथून मागचं उलगडतं. एका काळात आपला हात सारख्याच चुका सारख्याच रीतीने करत असतो. एकदा कळलं की त्या वहीत तुमचा द नेहमी बारीक पडतो, की पुढचं पान निम्म्या वेळात वाचून होतं. प्रत्येक वहीच्या आतल्या बाजूला पद्धतीचं नाव, आवृत्ती आणि तारीख लिहून ठेवा. ग्रेगच्या 1929 च्या आणि 1949 च्या आवृत्तींत संक्षेपांचा फरक मोठा आहे. आवृत्ती मध्येच बदलली असेल तर ती नोंद हमखास कामाला येते.

वेग वाढवलात आणि पुन्हा अडखळायला लागलं, तर तीन जुनी पानं घेऊन वरची तपासणी परत करा. या वेळी बहुधा वेगळंच अक्षर वरचढ निघेल: स्वर सांभाळले असतील तर आकार, आकार सांभाळले असतील तर जोड. ते निघालं की दोन आठवडे फक्त त्याचे.